चौकटी कंसातलं राजकारण

हवामान परिषदेच्या बातम्यांत दिसतात ती भाषणं. राष्ट्राध्यक्ष, व्यासपीठ, टाळ्या. करारात त्यातलं एक वाक्यही सहसा उतरत नाही. करार घडतो तो बिनखिडकीच्या खोलीत, पडद्यावर मसुदा लावून, एकेका शब्दावर तास-दोन तास घासाघीस करत. तिथे आवाज चढवणाऱ्यापेक्षा मसुदा तोंडपाठ असलेला माणूस भारी पडतो. पहिल्यांदा शिष्टमंडळातून जाणाऱ्यांसाठी आणि या वाटाघाटींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही कामाची टिपणं.

सुरुवात मतदानापासून, कारण ते होतच नाही. 1995 मध्ये बर्लिनला पहिली कॉप, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातल्या देशांची वार्षिक परिषद, भरली तेव्हा कामकाजाच्या नियमावलीतल्या नियम 42 वर, म्हणजे मतदानाच्या नियमावर, एकमत झालं नाही. तेव्हापासून तो एक नियम बाजूला ठेवून बाकीची नियमावली ‘मसुदा’ म्हणूनच वापरली जाते. परिणामी महत्त्वाचे निर्णय सहमतीने होतात. सहमती म्हणजे सगळे खूश असणं नव्हे. अध्यक्षांचा हातोडा पडून निर्णय संमत होईपर्यंत कोणी औपचारिक हरकत न घेणं. त्यामुळे बहुमत जमवण्याचं गणित इथे उपयोगाचं नाही. गणित असं मांडायचं: कोण अडवू शकतो, किती वेळ अडवून धरू शकतो आणि त्याला त्याची काय किंमत मोजावी लागेल?

एकट्या देशाला नकाराधिकार आहे, असंही समजू नये. 2010 मध्ये कानकूनला बोलिव्हियाची हरकत नोंदवून घेतली गेली आणि अध्यक्षांनी निर्णय संमत झाल्याचं जाहीर केलं. 2012 मध्ये दोह्याला रशिया हरकत घेऊ पाहत असताना हातोडा पडला. पण त्याची वसुली झाली: 2013 च्या जूनमध्ये बॉनच्या मधल्या बैठकीत (जिथे परिषदेआधीची तयारी होते) रशिया, बेलारूस आणि युक्रेनने निर्णयप्रक्रियेचा मुद्दा विषयपत्रिकेवर घ्या म्हणून धरून बसत अंमलबजावणीच्या उपसंस्थेचं जवळजवळ सगळं सत्र वाया घालवलं. दुखावलेला देश विसरत नाही.

विषयपत्रिकेवरची ही भांडणं बाहेरून पोरकट वाटतात. ती नसतात. जो विषय पत्रिकेवर नाही त्याला खोली मिळत नाही, वेळ मिळत नाही, आणि त्याचा मसुदाही निघत नाही. 2022 मध्ये शर्म अल शेखला ‘हानी आणि नुकसान’ (हवामानबदलाने होणारी) यासाठीच्या निधीचा विषय पत्रिकेवर घ्यायला उद्घाटनाआधीचे दोन दिवस खलबतं झाली. तो आला तो एका समजुतीसह: यातून दायित्व किंवा नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहणार नाही. त्याच परिषदेच्या शेवटी निधी स्थापन करण्याचा निर्णय झाला. खरी लढाई पहिल्या दिवसाआधीच निम्मी झाली होती.

इथे नियम 16 डोक्यात पक्का हवा. एखादा विषय संपला नाही, तर तो आपोआप पुढच्या सत्राच्या पत्रिकेवर जातो. ऐकायला सोयीचं, पण त्यात खड्डा आहे. दोन आठवडे खपून केलेलं टिपण निष्कर्षात नोंदवलं गेलं नाही, तर पुढच्या वेळी कोरी पाटी. म्हणून विषय फिसकटतोय असं दिसलं की शेवटच्या दिवशी एवढं तरी पदरात पाडून घ्यायचं: ‘अमुक तारखेच्या अनौपचारिक टिपणाची नोंद घेऊन पुढील सत्रात काम सुरू ठेवावे.’ या एका ओळीने सहा महिने वाचतात.

आता मसुद्याकडे. समजावण्यासाठी रचलेलं हे एक वाक्य बघा (अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं):

[विकसित देश] [सर्व देश] अनुकूलनासाठी [नवे व अतिरिक्त] अर्थसाहाय्य [देतील] [देण्यास प्रोत्साहन दिले जाते] [2030 पर्यंत].

चौकटी कंसातला मजकूर म्हणजे ज्यावर एकमत नाही तो. नवखा माणूस डावीकडून उजवीकडे एकेक कंस सोडवायला घेतो आणि पहिल्याच कंसात अडकतो. जाणता आधी बघतो की कुठला कंस कुठल्या कंसाला बांधलेला आहे. इथे कर्ता आणि क्रियापद ही जोडी आहे. कर्ता ‘विकसित देश’ राहिला तर तेच देश मऊ क्रियापद मागणार. कर्ता ‘सर्व देश’ झाला तर विकसनशील देशांना क्रियापद मऊ हवं. म्हणजे दोन कंस एकत्र उघडावे लागतात. ‘2030 पर्यंत’ हा कंस बऱ्याचदा देवाणघेवाणीसाठीच घातलेला असतो. तो सोडून दुसरं काही मिळवायचं असतं. आणि सगळंच अडलं की कोणीतरी कर्माला पुढे करून कर्ता गायब करतो: ‘अर्थसाहाय्य वाढवण्याची निकड अधोरेखित केली जाते.’ कोणी वाढवायचं? ते वाक्य सांगत नाही. कर्ता नाहीसा झाला की समजावं, तडजोड झाली आहे आणि कुणीतरी सुटला आहे.

क्रियापदांची उतरंड पाठ करण्याला पर्याय नाही. ‘ठरवते’ सगळ्यात वर. मग ‘विनंती करते’, ‘आग्रह करते’, ‘आवाहन करते’, ‘निमंत्रित करते’, ‘प्रोत्साहन देते’ आणि तळाशी ‘नोंद घेते’. मधल्या पायऱ्यांचा क्रम संदर्भाने थोडा हलतो, दोन टोकं हलत नाहीत. 2009 मध्ये कोपनहेगन समझोता कॉपने स्वीकारला नाही, त्याची फक्त ‘नोंद घेतली’. सगळा पराभव त्या दोन शब्दांत आहे. 2024 चा बाकूचा निर्णय वाचतानाही आकड्यांआधी क्रियापदं वाचा. 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला किमान 30 हजार कोटी डॉलर अर्थसाहाय्याचं उद्दिष्ट परिषद ‘ठरवते’, त्यात विकसित देशांनी ‘पुढाकार घ्यायचा’ आहे. वर्षाला 1 लाख 30 हजार कोटी डॉलरचा मोठा आकडा मात्र ‘सर्व घटकांना’ एकत्र काम करण्याचं ‘आवाहन’ म्हणून आला आहे. दोन्ही आकडे एकाच दमात सांगणाऱ्याने मसुदा वाचलेला नसतो.

तेच दुबईचं. 2023 च्या निर्णयात जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा आहे, पण ती एका यादीत आहे. यादीच्या वरचं वाक्य देशांना या जागतिक प्रयत्नांना ‘राष्ट्रीय पातळीवर ठरवलेल्या पद्धतीने हातभार’ लावण्याचं आवाहन करतं. यादीतल्या ओळीसाठी भांडताना वरचं वाक्य सोडून दिलं, तर हाती आलेलं निम्मं निसटतं.

करारातलं ‘शॅल’ (केलंच पाहिजे) आणि ‘शुड’ (करायला हवं) हे प्रकरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. 12 डिसेंबर 2015 ला पॅरिसमध्ये अंतिम मसुद्याच्या कलम 4.4 मध्ये विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीच्या लक्ष्यांबाबत बंधनकारक ‘शॅल’ छापलं गेलं होतं. अमेरिकेला ते चालणारं नव्हतं, कारण सिनेटची मंजुरी घ्यावी लागली असती. शेवटी सचिवालयाने तांत्रिक दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्यात ‘शुड’ झालं आणि हातोडा पडला. यातून घ्यायचं ते एवढंच की अंतिम प्रत आली की दमलेल्या डोळ्यांनीही क्रियापदं पुन्हा तपासायची, आणि दुरुस्त्यांचं वाचन चालू असताना कॉफी आणायला जायचं नाही.

नवी भाषा घडवण्यापेक्षा आधी मान्य झालेली भाषा शोधणं जास्त फळतं. ‘हे तुम्ही अमुक निर्णयाच्या अमुक परिच्छेदात मान्य केलं आहे’ याला उत्तर देणं अवघड जातं. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिका-चीनच्या संयुक्त घोषणेत समान पण विभेदित जबाबदाऱ्यांच्या (जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही) तत्त्वाला ‘भिन्न राष्ट्रीय परिस्थितींच्या प्रकाशात’ असं शेपूट जोडलं गेलं. महिन्याभरात ते लिमाच्या निर्णयात आलं आणि वर्षाने पॅरिस कराराच्या कलम 2 मध्ये बसलं. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विषयाचा तक्ता करा: एका रकान्यात आतापर्यंतच्या निर्णयांतली नेमकी भाषा, परिच्छेद क्रमांकासह, दुसऱ्यात आपल्याला हवं ते, तिसऱ्यात चालेल ते, चौथ्यात अजिबात चालणार नाही ते. चौथा रकाना दोन-तीन ओळींपेक्षा लांबला तर समजा, राजधानीतून आलेला आदेश कुणी नीट विचार करून लिहिलेला नाही. सगळ्याच लक्ष्मणरेषा असतील तर देवाणघेवाणीला काही उरत नाही. तिसरा रकाना मात्र कुणाला दाखवायचा नाही. पहिल्या दिवशीच ‘हेही चालेल’ म्हटलं की दुसऱ्या दिवशीची चर्चा तिथून खाली सुरू होते.

खोलीतलं बोलणं. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव येतं ते देशाच्या नावाची पाटी उभी केल्यावर. गट आधी बोलतात, देश नंतर. ‘जी-77 आणि चीन’ या विकसनशील देशांच्या 134 सदस्यांच्या गटाने भूमिका मांडली असेल तर ‘आम्ही गटाशी सहमत आहोत’ एवढं म्हणून थेट आपल्या भरीवर यायचं. आभार आणि प्रास्ताविकात मिनिट घालवलं की ऐकणारे फोनमध्ये गेलेले असतात. बोलायचं ते असं: परिच्छेद 12, पर्याय 2, तिसरी ओळ, अमुक शब्दाऐवजी तमुक. मग कारण, एका वाक्यात. आणि खाली बसताच तीच भाषा सचिवालयाला ईमेल. कॉन्टॅक्ट ग्रुपमध्ये, म्हणजे एकेका विषयाचा मसुदा घासणाऱ्या गटात, दुभाषे नसतात, सगळं इंग्रजीत चालतं. तुमचा उच्चार किंवा वेग कुणाला कळला नाही तर सूचना मसुद्यात चुकीची उतरते किंवा उतरतच नाही.

चर्चा चालवणारे दोघे को-फॅसिलिटेटर, बहुधा एक विकसित आणि एक विकसनशील देशातला, रात्री बसून पुढचा मसुदा करतात. त्यांना हवी असते आखूड, दोन्ही बाजूंना चालेल अशी भाषा. ती त्यांच्या हातात आयती देणाऱ्याचे शब्द टिकतात. प्रत्येक ओळीवर कंस लावत सुटणाऱ्याची सूचना ‘पर्याय 4’ म्हणून तळाशी जाते आणि पुढच्या आवृत्तीत गळते. मसुदा फुगवणं ही वेळकाढूपणाची जुनी युक्ती आहे. पॅरिसच्या आधी फेब्रुवारी 2015 मध्ये जिनिव्हात सगळ्यांच्या सूचना घालून 86 पानं झाली होती. ती आटवण्यात वर्षाचा मोठा भाग गेला.

गट ही ताकद आहे आणि अडचणही. जी-77 मध्ये तेल विकणारे देशही आहेत आणि समुद्रात बुडू लागलेली बेटंही. त्यामुळे गटाची भूमिका अर्थपुरवठ्यावर धारदार असते, इंधनांवर बोथट. दोन-तीन माणसांच्या शिष्टमंडळाने सगळीकडे धावण्यात अर्थ नाही. दोन विषय निवडा, बाकीचे छोट्या गटातल्या मित्रांवर सोपवा, आणि सकाळची गटाची समन्वय बैठक चुकवू नका, कारण दिवसभराची भूमिका तिथेच ठरते. आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये ठरलेली भाषाही तिथेच कळते.

शेवटची रात्र वेगळी. परिषदा कागदोपत्री बहुधा शुक्रवारी संपतात. 2011 ची डर्बन, 2019 ची माद्रिद, 2024 ची बाकू, तिन्ही रविवारपर्यंत गेल्या. परतीचं तिकीट सोमवारच्या आधीचं काढू नये. विमान गाठायला निघालेल्या माणसाची खुर्ची रिकामी राहते आणि रिकामी खुर्ची हरकत घेत नाही. डर्बनला सगळं अडलं तेव्हा अध्यक्षांनी सभागृहातच युरोपीय संघ आणि भारताला एकत्र उभं राहून बोलायला लावलं. भोवती माणसांचं कोंडाळं जमलं आणि ब्राझीलच्या वाटाघाटीकाराने सुचवलेल्या ‘कायदेशीर बळ असलेली सहमत निष्पत्ती’ या शब्दप्रयोगावर गाठ सुटली. अशा कोंडाळ्यात आत शिरणं हेही कसब आहे. मागे उभं राहिलं की फक्त पाठी दिसतात.

सभागृहात मात्र जागेवर असावं. दुबईत निर्णय संमत झाला तेव्हा बेटांच्या गटाचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेच नव्हते. सामोआच्या प्रतिनिधीने नंतर तसं बोलून दाखवलं, टाळ्याही मिळाल्या, पण निर्णय होऊन गेला होता. बाकूत भारताची हरकतही हातोड्यानंतरच मांडली गेली. नंतरचं निवेदन इतिवृत्तात जातं, मसुद्यात नाही. ग्लासगोत 2021 मध्ये उलट झालं: कोळशाबाबतचा बदल भारताच्या मंत्र्यांनी हातोड्याआधी सभागृहात वाचून दाखवला, आणि कितीही नाराजी झाली तरी ‘फेज-आउट’ (टप्प्याटप्प्याने बंद) ऐवजी ‘फेज-डाउन’ (टप्प्याटप्प्याने कमी) निर्णयात गेलं.

घरी आल्यावर अजून एक काम उरतं. संमत निर्णय आधी ‘असंपादित आगाऊ प्रत’ म्हणून संकेतस्थळावर येतात, संपादित होऊन सहा भाषांत निघायला वेळ लागतो. आपले परिच्छेद दोन्ही प्रतींत ओळीला ओळ लावून बघायचे, फरक दिसला तर सचिवालयाला कळवायचं, आणि तक्त्याच्या पहिल्या रकान्यात नवी भाषा परिच्छेद क्रमांकासह भरून ठेवायची. जूनमध्ये बॉनला तोच तक्ता लागतो.