सोळा अंकी पीआरएन, पंधरा अंकी एक्सेल आणि कोकणातला पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांचं वर्ष सुरू होतं ते नेमकं मृगाच्या तोंडावर. प्रवेश, हजेरीपट, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म असं सगळं जून ते ऑक्टोबरमध्ये संगणकावर येऊन पडतं. संगणक, प्रिंटर आणि वीज सगळ्यात जास्त दगा देतात तेही याच महिन्यांत. म्हणून घाटावरच्या कोरड्या हवेसाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच कामाला येतात. खालचं लिखाण प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी, दोघांसाठी आहे. विद्यार्थ्याची नोंद चुकू नये आणि हरवू नये, या एकाच हिशेबाने ते लिहिलं आहे.

सुरुवात एक्सेलपासून, कारण पावसाने होणारं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं, एक्सेलमधलं दिसत नाही. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, १६ अंकी असतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतं आणि सोळाव्या जागी शून्य घालतं. त्यासाठी कसलीही सूचना येत नाही, लाल खूण दिसत नाही. यादी तशीच पुढे जाते आणि परीक्षा विभागात नंबर जुळेनासे झाले की शोधाशोध सुरू होते. गेलेला अंक परत आणता येत नाही. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी शून्य शून्यच राहतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरा रकाना निवडा, ‘होम’ टॅबमधल्या ‘जनरल’ लिहिलेल्या चौकटीत ‘टेक्स्ट’ करा आणि मगच नंबर भरा. दुसरीकडून कॉपी करून आणत असाल तर चिकटवताना ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ हा पर्याय घ्या, नाहीतर तुम्ही केलेलं ‘टेक्स्ट’ पुसलं जाऊ शकतं. एखाद-दुसराच नंबर टाकायचा असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकून पुढे नंबर लिहिला तरी चालतो. गूगल शीट्सलाही हीच मर्यादा आहे. तिथे ‘फॉरमॅट’ मेनूतून ‘नंबर’ आणि त्यात ‘प्लेन टेक्स्ट’ निवडायचं.

हातात आलेली यादी बिघडलेली आहे का, हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या पीआरएनचा शेवटचा अंक पाहा. साधारण दहातला एक शून्याने संपणं साहजिक आहे. सगळेच शून्याने संपत असतील तर ती यादी फेकून द्या आणि मूळ फाइल पुन्हा मागवा. शेवटचा अंक हाताने दुरुस्त करत बसू नका.

हाच दोष आणखी एका ठिकाणी लपलेला आहे. नंबर नीट ‘टेक्स्ट’ म्हणून भरले आणि एखादा पीआरएन दोनदा आला आहे का हे ‘काउंटइफ’ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) लावून पाहिलं, तर एक्सेल त्या मजकुराला मनातल्या मनात पुन्हा संख्या समजतं आणि १५ अंकांवरच तुलना करतं. एकाच वर्गातल्या मुलांचे नंबर लागोपाठचे असतात, फरक असतो तो शेवटच्या अंकात. त्यामुळे वेगवेगळे नऊ-दहा विद्यार्थी एकदम ‘दुबार’ दिसू लागतात. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मधून दुबार नोंदी रंगवल्या तरी तोच घोटाळा होतो. उपाय सोपा आहे. ‘काउंटइफ’च्या सूत्रात ज्या घरातला नंबर शोधायचा, त्या घराच्या पत्त्यापुढे ‘अँड’चं चिन्ह (&) आणि दुहेरी अवतरणात एक तारांकन (*) जोडा. तारांकन आलं की एक्सेलला तुलना मजकूर म्हणूनच करावी लागते आणि सोळाही अंक मोजले जातात.

एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला क्रमांक, १२ अंकी असल्यामुळे त्याचे अंक जात नाहीत, पण रकाना ‘जनरल’ असेल तर तो दशांश आणि घातांकाच्या रूपात दिसतो. तीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की दिसतं तेच लिहिलं जातं आणि मग मात्र नंबर खरोखरच जातो. त्यालाही ‘टेक्स्ट’च हवं.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून ती उघडायची सवय सोडा. डबल क्लिकने रोल नंबरांच्या सुरुवातीची शून्यं जातात, पीआरएन बिघडतो आणि मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतात. त्यापेक्षा कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ क्रमांकाचा युनिकोड (यूटीएफ-८) निवडा, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन नंबरांचे रकाने ‘टेक्स्ट’ करा आणि मग ‘क्लोज अँड लोड’ करा. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतील, पुढे सवयीने एक.

गुणांच्या यादीत ‘सॉर्ट’ करताना एकच रकाना निवडलेला असेल तर एक्सेल विचारतं, बाकीचे रकानेही सोबत घेऊ का? घाईत ‘कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन’ दाबलं की नावं वर-खाली होतात आणि गुण जागेवर राहतात. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर. मधे एखादा रिकामा रकाना सोडलेला असेल तर एक्सेल विचारतसुद्धा नाही, रिकाम्या रकान्यापलीकडचं सगळं मागे ठेवून मोकळं होतं. यादी तयार झाल्याबरोबर कंट्रोल आणि टी दाबून तिचं ‘टेबल’ करून ठेवलं की ओळ नेहमी एकत्र हलते. माझ्या मते गुणांची प्रत्येक फाइल ‘टेबल’ केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊच नये. गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य लिहू नका आणि घर रिकामंही ठेवू नका. शून्य सरासरीत धरला जातो, आणि रिकामं घर म्हणजे गैरहजर की गुण भरायचेच राहिले, हे महिन्याने कुणालाच सांगता येत नाही.

मराठी पत्रव्यवहाराबद्दल थोडक्यात. शिवाजी, सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही, त्यात शोध चालत नाही, आणि संकेतस्थळावरच्या अर्जात ते चिकटवलं की कचरा उमटतो. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि मग भाषांच्या यादीत मराठी जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्या अनेकांना सापडत नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण, आणि शेवटी काना. जुन्या फॉन्टमधली पत्रं परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतात, पण नंतर जोडाक्षरं, रफार आणि आकडे नजरेखालून घालावेच लागतात.

आता छपाई. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येऊन परीक्षेआधी थोड्याच वेळात छापायची असते, आणि नेमका तेव्हाच प्रिंटरमध्ये कागद अडकतो. पावसाळ्यात याचं कारण बहुतेक वेळा प्रिंटर नसून कागद असतो. कागद हवेतला ओलावा शोषतो, त्याच्या कडा लाटेसारख्या होतात, दोन-दोन कागद चिकटून ओढले जातात. लेझर प्रिंटरच्या तापलेल्या रोलरमधून जाताना त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं, कागद वळतो आणि टोनरही नीट बसत नाही, बोटाने पुसला जातो. रिमचं वेष्टन आतून ओलावारोधक असतं, म्हणून ते छापायच्या वेळीच फोडा. ट्रेमध्ये तासाभराला लागतील एवढेच कागद ठेवा, उरलेले झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. रिम जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, पावसाळ्यात जांभ्याची भिंत आतून ओल धरते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याच रिममधले पन्नास कागद छापून बघा. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असलेले फोन तयार ठेवा, कारण केबल तुटली की सगळ्या इमारतीचं नेट एकदमच जातं.

समुद्राजवळच्या कॉलेजात यंत्रं लवकर का मरतात, हे एकदा समजून घेतलं की काळजी कशी घ्यायची ते वेगळं सांगावं लागत नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण आत येऊन धुळीसकट सर्किटवर बसतात. हवा कोरडी असेपर्यंत ते निरुपद्रवी असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याहून वर असणं हे रोजचंच आहे. हे खारं पाणी वीजवाहक असतं, त्यामुळे तांबं गंजतं आणि नको तिथून प्रवाह वाहतो. प्रोजेक्टरची जुनी निळी व्हीजीए केबल काढून पिना पाहा. मुळाशी हिरवट पूड दिसली तर चित्राचा एखादा रंग गायब का होतो, ते कळेल. उपाय म्हणजे मिठाला बसू न देणं. मे महिन्याच्या अखेरीस सगळे संगणक उघडून ब्लोअरने धूळ काढून घ्या. संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची पद्धत सर्रास दिसते. त्याने एकदा काम होतंही, पण सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर धरतो.

यंत्र चालू राहिलं की आतून गरम राहतं आणि ओल धरत नाही. म्हणून प्रयोगशाळेतले न लागणारे संगणकही तीन-चार दिवसांतून एकदा तासभर चालू ठेवा. प्रोजेक्टरचंही तसंच. महिनोन्महिने बंद राहिला तर लेन्सवर बुरशीची जाळी धरते आणि ती पुसून जात नाही. संगणकांवर प्लास्टिकची आवरणं घालू नका, आत ओल कोंडते. सुती कापड पुरे. कॅमेरा, माइक, सुटे हार्ड डिस्क हे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं. एसी खोलीतून बाहेर आणलेला थंड लॅपटॉप लगेच सुरू करू नका. दमट हवेचं दव त्याच्या आतही धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

विजेचा धोका मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त, भर पावसाळ्यात त्या मानाने कमी. गडगडाट सुरू झाला की नुसती बटणं बंद करून भागत नाही, प्लग उपसावे लागतात, आणि बाहेरून येणारी नेटवर्कची तांब्याची तारही राउटरमधून काढावी लागते. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची लॅन केबल असेल तर ती बदलून फायबर टाका. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या जमिनीच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि तो त्या तारेतून दोन्हीकडचे स्विच जाळतो. फायबरमधून वीज वाहत नाही.

अर्थिंगचं आपलं दुखणं वेगळं आहे. सड्यावर, कातळावर बांधलेल्या इमारतीखाली माती थोडी आणि जांभा जास्त. उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंग जवळजवळ नसल्यासारखंच होतं. ऑगस्टमध्ये तपासणी केली तर आकडा छान येतो, कारण जमीन भिजलेली असते. तपासणी मे महिन्यात करून घ्या. वायरमनला सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-पंधरा दिसला तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा. मार्च ते मे त्या खड्ड्यात नियमित पाणी घालायचं काम कुणाकडे तरी नेमून द्या.

कार्यालयात सहसा असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटं देतो, ती फाइल जतन करून संगणक बंद करण्यासाठी. त्याला लेझर प्रिंटर लावू नका. रोलर तापताना प्रिंटर एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो. गणपतीच्या सुट्टीला कॉलेज बंद करताना भिंतीवरचं बटण बंद करून यूपीएस तसाच सोडला तर तो बॅटरीवर चालत राहतो, ती पार रिकामी होते आणि रिकाम्या अवस्थेत पडून खराब होते. यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग प्लग काढा.

प्रती कुठे ठेवायच्या, याचं उत्तर कोकणाला दोन वर्षांनी दोन बाजूंनी दिलेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज आणि मोबाइल नेटवर्क नव्हतं. ज्यांचं सगळं फक्त ऑनलाइन, त्यांना अशा वेळी काहीच उघडता येत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या कपाटातला संगणक आणि त्याच कपाटातला बॅकअपचा डिस्क अशा पाण्यात एकाच वेळी जातात. तेव्हा तीन प्रती हव्यातच. एक कामाच्या संगणकावर, एक वरच्या मजल्यावर ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन. डिस्क आठवड्यातून एकदा जोडायचा, प्रत घ्यायची आणि काढून ठेवायचा. कायम जोडून ठेवला तर विजेचा झटका किंवा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस दोन्ही प्रती एकदम संपवतो. पेन ड्राइव्हला बॅकअप म्हणू नये, तो फक्त ने-आण करण्यासाठी. आणि महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघा.

ऑनलाइन प्रतीबद्दल एक गोष्ट प्राचार्यांनी जातीने बघावी अशी आहे. कॉलेजकडे गूगल वर्कस्पेसची खाती असतील तर विभागाच्या फाइली कुणाच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये न ठेवता ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये ठेवा. ‘माय ड्राइव्ह’मधल्या फाइलीची मालकी त्या व्यक्तीच्या खात्याकडे असते. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ष संपल्यावर जातात, कुणी निवृत्त होतं, खातं बंद केलं जातं आणि त्याबरोबर नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी जमवलेले फोटो, अभिप्रायाचे फॉर्म, अंतर्गत गुण सगळंच जातं. खातं काढून टाकण्याआधी अ‍ॅडमिनला फाइलींची मालकी दुसऱ्या खात्याकडे वळवता येते. काढल्यावर ते खातं परत आणायला २० दिवसांची मुदत असते. उन्हाळी सुट्टीत ही मुदत कुणाच्या लक्षातही न येता उलटते, म्हणून खाती बंद करायचं काम एप्रिलमध्ये न करता जूनमध्ये, सगळे विभाग परत आल्यावर करावं. शिक्षकांनी वैयक्तिक जीमेलवर बनवलेले फॉर्म तर अ‍ॅडमिनच्या हातातही नसतात. ते आत्ताच, ती व्यक्ती कामावर असतानाच, कॉलेजच्या खात्यावर घ्या.