कॅमलच्या रूटमध्ये स्क्रिप्ट लिहिताना

अपाची कॅमल या निरनिराळ्या प्रणालींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या जावाच्या साधनात संदेशाची वाट, म्हणजे रूट, ठरवताना साध्या अटींसाठी 'सिंपल' ही त्याचीच छोटी भाषा पुरते. हेडरमधील (संदेशासोबत जाणाऱ्या माहितीतील) शहराचे नाव तपासायचे असेल, तर तिच्याबाहेर जाण्याचे कारण नाही. मात्र ऑर्डरमधील ठरावीक प्रकारच्या ओळी मोजून त्यावरून रांग निवडायची असेल, तर मी ग्रूव्ही या जावावर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भाषेकडे वळतो. ग्रूव्हीच्या स्क्रिप्टला बॉडी (संदेशाचा मुख्य मजकूर), हेडर्स आणि संपूर्ण एक्स्चेंज (संदेश व त्याचा सगळा संदर्भ) आयते मिळते, त्यामुळे दोन ओळींच्या कामासाठी जावाचा वेगळा प्रोसेसर लिहावा लागत नाही.

याच सोयीच्या भरात माझ्या हातून एक चूक झाली. सदोष मालाच्या ओळी असलेल्या ऑर्डरीच तपासणीच्या रांगेत जाव्यात, म्हणून मी फिल्टरमध्ये, म्हणजे अट पूर्ण करणारेच संदेश पुढे सोडणाऱ्या टप्प्यात, अशा ओळींची संख्या परत करणारी स्क्रिप्ट लिहिली आणि ग्रूव्हीत शून्य असत्य मानले जाते, या सवयीने शून्य आल्यास संदेश तिथेच थांबेल असे गृहीत धरले. परंतु फिल्टरमध्ये निकालाचा खरेखोटेपणा ग्रूव्ही ठरवत नाही, कॅमल ठरवतो, आणि त्याच्या लेखी कोणतीही संख्या नल (मूल्यच नसणे) नाही एवढ्यानेच खरी ठरते. परिणामी निर्दोष ऑर्डरीसुद्धा तपासणीला जाऊ लागल्या, आणि स्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालवून पाहताना तिच्यात काहीच वावगे दिसत नसल्याने कारण सापडायला वेळ लागला. उपाय मात्र 'शून्याहून अधिक' ही तुलना जोडण्याइतकाच होता. तेव्हापासून अटीसाठी लिहिलेली माझी प्रत्येक स्क्रिप्ट स्पष्ट बुलियन (खरे किंवा खोटे) मूल्यच परत करते, आणि तिची चाचणी मी रूटसकट घेतो.

भाषा निवडताना तिच्या इंजिनाचे, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामचे, आयुष्यही पाहावे लागते. कॅमल 2 मध्ये जावाच्या स्क्रिप्टिंग एपीआयच्या आधारे जावास्क्रिप्ट, रुबी, पायथन अशा भाषा चालत असत. 2019 मध्ये आलेल्या कॅमल 3 ने तो सामाईक घटक काढून टाकला आणि ग्रूव्हीला स्वतंत्र घटक मिळाला. पुढच्याच वर्षी जावा 15 मधून नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्टचे इंजिनही गेले. जावास्क्रिप्ट नंतर ग्राल या दुसऱ्या इंजिनावर कॅमलमध्ये परतली, तरी ज्यांचे रूट जुन्या इंजिनावर उभे होते त्यांना मधल्या काळात ते नव्याने लिहावे लागणे ओघानेच आले. मी ग्रूव्हीवर थांबलो, त्यामागे हेही एक कारण आहे.

एका बाबतीत मी कोणतीही सवलत घेत नाही. बाहेरून आलेल्या संदेशातील मजकूर जोडून स्क्रिप्ट तयार करायची नाही, कारण ग्रूव्हीला जावाच्या सर्व क्लासेसपर्यंत वाट मोकळी असते आणि तसे केल्यास संदेश पाठवणाऱ्याच्या हाती आपला सर्व्हरच जातो. स्क्रिप्ट क्लासपाथवरील (जावा जिथे फाइली शोधते तिथल्या) स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावी, रूटमध्ये तिचा केवळ पत्ता द्यावा आणि संदेशातील मूल्ये तिने बॉडी व हेडर्समधूनच वाचावीत. ती दहा-बारा ओळींपलीकडे वाढली, की मी ते काम सरळ जावाच्या बीनमध्ये (साध्या क्लासमध्ये) हलवतो.