चाळीस लिटर पाणी आणि एम-५ वरचा वजनकाटा

इंग्लंडातलं रेडिंग ते न्यूकी, कॉर्नवॉल. नुसती गाडी असेल तर साडेचार तास, मागे कॅरव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, असेल तर सहा धरा, आणि वाटेत तपासणीवाल्यांनी बाजूला घेतलं तर साडेसात. आम्हाला साडेसात लागले.

आम्ही म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि आटपाडीहून तीन महिन्यांसाठी आलेले सासरे, अण्णा. कॅरव्हॅन सेकंडहँड, चार जणांची. घेऊन दोनच महिने झाले होते आणि इतक्या लांब न्यायची पहिलीच वेळ. अण्णांचं आयुष्य ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्यात गेलेलं, त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी ते जोडणीपाशी वाकून बराच वेळ बघत उभे होते. “ही साखळी हितनं का अडकवली गं? ते कडं कशाला दिलंय मग?” मी म्हटलं, अण्णा, इकडची पद्धत वेगळी असते. हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी परत घ्यावं लागलं.

ब्रिस्टल मागे टाकून एम-५ या मोटरवेवर दक्षिणेला लागलो होतो, गाडी मी चालवत होते. एक गाडी पुढे आली, तिच्या पाठीवर दिवे लागले आणि ‘माझ्या मागे या’ अशी पाटी झळकली. डीव्हीएसएची माणसं, म्हणजे आपल्या आरटीओच्या भरारी पथकाचे विलायती भाऊबंद, फक्त आवाज खालचा. पोलीस नसले तरी गाडी थांबवायचा अधिकार त्यांना असतो, तेव्हा पाटी दिसली की मुकाट्याने मागे जायचं. त्यांच्या मागोमाग तपासणीच्या तळावर पोचलो. आमच्या पुढे घोड्याचा एक ट्रेलर आणि बागकामवाल्याची उघडी ट्रॉली होती.

पहिलं लायसन्स. मी इथली परीक्षा २०१२ मध्ये पास झाले. १ जानेवारी १९९७ पासून पास झालेल्यांना पूर्वी मोठा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि आता साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. परीक्षा गेली म्हणजे शिकायची गरज गेली, असं मात्र समजू नका. मी रिकाम्या मैदानावर अर्धा दिवस शिकवणी घेतली होती, आणि रिव्हर्स घेणं मला अजूनही नीट जमत नाही.

मग तपासनीस कॅरव्हॅनभोवती फिरला. मागची नंबरप्लेट पिवळी हवी आणि तिच्यावर गाडीचाच नंबर हवा. (ती करून घ्यायला दुकानात गाडीचे कागद आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, आयत्या वेळी होत नाही.) मागचे दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर, सगळे दिवे, बाजूला लावलेले जादा आरसे. कॅरव्हॅन गाडीच्या पाठीपेक्षा रुंद असेल तर हे आरसे लागतातच. मागचं नीट दिसत नसताना ओढत निघालात तर दंड १,००० पौंडांपर्यंत जातो आणि लायसन्सवर ३ दंडगुण चढतात.

टायरपाशी तो खाली बसला. नक्षी छान खोल होती. कायद्याला मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत १.६ मिलिमीटर पुरे, आमची त्याच्या कितीतरी वर. त्याने बोट ठेवलं ते टायरच्या कुशीवरच्या चार आकड्यांवर: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचे टायर नऊ वर्षांचे निघाले. कॅरव्हॅन वर्षातले दहा महिने एका जागी उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजत नाहीत, उन्हापावसाने तडकतात. नख लावल्यावर बारीक भेगा दिसल्या. आतले धागे दिसत नव्हते म्हणून चाललं, पण ‘घरी गेल्यावर बदला’ असं लिहून मिळालं. विकणाऱ्याने ‘टायर नव्यासारखे’ म्हणून सांगितलं होतं आणि ‘सारखे’ या शब्दाकडे आमचं लक्ष गेलं नाही. इथे एवढ्या वजनाच्या ट्रेलरला मोटारीसारखी वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणून जुनी घेताना ते चार आकडे स्वतः वाचा.

आता ती ‘साखळी’. ती असते बारीक तार. कॅरव्हॅन चालत्या गाडीपासून सुटलीच, तर ही तार ताणली जाऊन आधी कॅरव्हॅनचा हँडब्रेक ओढते आणि मगच तुटते. मी ती जोडणीच्या गोळ्याच्या मानेत नुसती गुंडाळली होती. तिच्यासाठी टोबारवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ओढायच्या दांड्यावर, वेगळं कडं असताना असं करायचं नसतं, कारण गोळाच निखळला तर तार त्याच्याबरोबर जाते आणि ब्रेक लागतच नाही. तपासनिसाने मला कडं दाखवलं. अण्णांना इंग्रजी कळत नाही, पण बोट कुठे होतं ते कळलं. ते काही बोलले नाहीत. नुसतं ‘हं’ म्हणाले, आणि ते पुरलं.

२०१४ च्या जानेवारीत ब्रिस्टलमध्येच एक ट्रेलर गाडीपासून सुटून फुटपाथवर चढला आणि तीन वर्षांच्या मुलाचा जीव गेला. जोडणी नीट अडकलेलीच नव्हती. इथली तपासणी आणि जागृती त्यानंतर वाढली. म्हणून जोडून झाल्यावर पुढचा जॅक थोडा वर करून बघा: कॅरव्हॅनबरोबर गाडीची पाठही उचलली गेली पाहिजे. एका मिनिटाचं काम आहे.

शेवटी वजन. कॅरव्हॅन सोडवून एकटीच काट्यावर घेतली. “काटा मारत न्हाई न्हवं ह्यो?” अण्णांनी मुलाच्या कानात विचारलं. कारखान्याला वर्षानुवर्षं ऊस घातलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. दाराजवळच्या पट्टीवर कमाल वजन १,३५० किलो लिहिलेलं. काटा म्हणाला १,४१०.

साठ किलो जास्त. कुठून आले? तंबूचं छत वीस किलो, कणकेची दहा किलोची पिशवी, कुकर, लोखंडी तवा, पुस्तकं. आणि पाण्याचा निळा पिंप. चाकासारखा लोळवत नेता येतो तो, चाळीस लिटरचा. मी तो घरीच गळ्यापर्यंत भरून दारात पट्ट्याने बांधला होता. सगळे लोक तो रिकामा नेतात आणि मुक्कामाच्या तळावर भरतात. पण माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकर कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरात भरलेलं भांडं बघितल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही. पाण्याला वजन असतं हे डोक्यावरून आणलेल्या मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण त्या पिंपाकडे मी ‘सामान’ म्हणून बघितलंच नव्हतं.

तपासनीस म्हणाला, ओतून टाका. मी गवताच्या कडेला पिंप आडवा करून झाकण सोडणार, तेवढ्यात अण्णा पुढे आले. “तसं नगं. त्या रोपट्याच्या बुडात वत.” कुंपणापाशी हातभर उंचीचं कसलंसं झाड लावलेलं होतं. चाळीस लिटर पाणी त्याच्या बुडात, जिरेल तसं, दमादमाने ओतायला आठ-दहा मिनिटं गेली. तपासनीस घड्याळ न बघता उभा राहिला, याबद्दल त्याचे आभार.

छत आणि कणीक गाडीत हलवली. इथे एक मेख आहे: गाडीलाही स्वतःची कमाल मर्यादा असते, चौघं माणसं धरून. कॅरव्हॅनमधलं उचलून डिकीत कोंबलं की सुटलो, असं होत नाही. आमच्या गाडीत जागा होती म्हणून भागलं. दुसऱ्यांदा काटा १,३४० वर थांबला आणि सोडलं. जादा वजन थोडं, जागीच उतरवलं, म्हणून दंड झाला नाही. एरवी १० टक्क्यांच्या आत १०० पौंड, १० ते १५ मध्ये २००, त्याच्या वर ३००, आणि वजन उतरेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

सामान कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. जड वस्तू जमिनीलगत, चाकांच्या आसावर. जोडणीवर पडणारा भार भरलेल्या कॅरव्हॅनच्या ५ ते ७ टक्के असावा, मात्र टोबारला झेपेल तेवढाच. आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन मोजतो. मागे भार जास्त झाला की कॅरव्हॅन सापासारखी वळवळायला लागते. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. वेग मोटरवे आणि मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर जास्तीत जास्त ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेन असलेल्या मोटरवेवर अगदी उजवी लेन आपली नाही. आणि मागे पलंग आहे म्हणून कुणी तिथे झोपून जायचं म्हणेल (अण्णा म्हणाले), तर नाही म्हणा.

निघण्याआधी एकदा सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन आणा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर जवळचे काटे मिळतात. परत आल्यावर आम्ही गेलो, १२ पौंड लागले.

न्यूकीच्या तळावर आमच्या जागेपासून नळ दहा पावलांवर होता. अण्णांनी पिंप लोळवत नेला, भरला, लोळवत आणला, आणि चार दिवस रोज संध्याकाळी भरून ठेवला. निघायच्या दिवशी सकाळी उठले तर ते दिसेनात. तळाच्या कडेच्या झुडपांपाशी सापडले, पिंप आडवा धरून, एकेका बुडाला थोडं थोडं.