टोकियोत पहिले तीन दिवस: पत्ता नको, स्टेशन आणि एक्झिटचा नंबर हवा

टोकियोत उतरल्यावर आधी जाणवते ती शांतता. गच्च भरलेल्या लोकलमध्येही फोनवर कुणी बोलत नाही. दुसरी गोष्ट जाणवते ती हॉटेल शोधताना: बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता '२-११-३' असा असतो. पहिला आकडा चोमेचा, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या भागाचा, दुसरा ठोकळ्याचा, म्हणजे ब्लॉकचा, आणि तिसरा इमारतीचा. इमारतींचे नंबर सहसा ठोकळ्याला वळसा घालत जातात, त्यामुळे ३ च्या समोर, रस्त्यापलीकडे ४ मिळेलच असं नाही. इथले लोक म्हणूनच 'अमुक स्टेशन, तमुक एक्झिट' असंच सांगतात. बुकिंग करतानाच हॉटेलजवळच्या एक्झिटचा नंबर (ए३, बी५ असा) लिहून ठेवा.

शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त एक्झिट आहेत. काबुकिचोला, म्हणजे रात्री गजबजणाऱ्या भागाला, जायचं तर पूर्वेकडून बाहेर पडायचं. महानगर सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांकडे जायला पश्चिमेची बाजू (तिथला ४५ व्या मजल्यावरचा, २०२ मीटर उंचीचा सज्जा फुकट आहे, नक्की जा). चुकीच्या बाजूने वर आलात तर सामान ओढत सहज पंधरा मिनिटं जातात. म्हणून प्लॅटफॉर्मवरून जिना चढण्याआधी थांबा आणि पिवळ्या पाटीवर आपला एक्झिट शोधा. गर्दीमागे जाऊ नका. एस्केलेटरवर डावीकडे उभं राहायचं.

स्टेशनांची नावं लक्षात राहत नाहीत, तेव्हा पाटीवरचे कोड वापरा: लाइनची अक्षरं आणि स्टेशनचा आकडा. यामानोते ही जेआरची (जपान रेल्वेची) गोल फिरणारी लाइन, ३० स्टेशनांची. एक फेरी साधारण तासाभराची. टोकियो स्टेशन जेवाय ०१, शिंजुकू जेवाय १७, शिबुया जेवाय २०. आकडे आपल्या स्टेशनपासून दूर जाताना दिसले की पुढच्या स्टेशनवर उतरून उलट दिशेची गाडी पकडा.

विमानतळावरच वेलकम सुइका हे पर्यटकांसाठीचं प्रीपेड प्रवास-कार्ड घ्या. डिपॉझिट नाही, मुदत २८ दिवस, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा एकदम फार भरू नका. स्टेशनवरच्या मशीनमध्ये रिचार्ज बहुतेक ठिकाणी रोख येननेच होतो. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून काढा, आपली आंतरराष्ट्रीय कार्डं तिथे चालतात. बॅलन्स कमी पडला तर बाहेर पडताना गेट बंद होतं. घाबरायचं कारण नाही, गेटच्या आतल्या बाजूलाच भाडं पूर्ण करायचं मशीन असतं. मेट्रोचा २४, ४८ किंवा ७२ तासांचा पास टोकियो मेट्रो आणि तोएई या दोन्ही भुयारी रेल्वे कंपन्या मिळून सगळ्या १३ भुयारी लाइनींवर चालतो, जेआरवर नाही. पास काढून यामानोतेच्या गेटवर अडकणारे पर्यटक रोज दिसतात.

नारिता विमानतळ शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, टॅक्सीचा विचार सोडा. स्कायलायनर ही जलद गाडी यामानोतेवरच्या निप्पोरीला चाळीसेक मिनिटांत पोचवते, पण तिचं आरक्षित तिकीट वेगळं काढावं लागतं. ॲक्सेस एक्स्प्रेस स्वस्त, बिनआरक्षित आणि थेट आसाकुसाला जाते. सकाळी साडेसात ते नऊ मोठ्या बॅगा घेऊन गाडीत चढू नका. रात्री बाराच्या आसपास गाड्या बंद होतात, त्या थेट पहाटे पाचच्या सुमारास सुरू.

शाकाहारींसाठी खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. उदोन आणि सोबा या नूडल्स, मिसो सूप, सगळ्यांच्या रश्श्यात हे वाळवलेल्या माशाचं पाणी असू शकतं. ताटलीवर भुशासारखे पातळ तपकिरी काप वाफेने हलताना दिसले, तर तेही त्याच माशाचे. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'दाशीही नको' असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यांत, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, त्यातल्या त्यात बरी. तरी वेष्टनावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचाच.

भाजी-भाकरीची आठवण आलीच तर तोझाई लाइनवरचं निशी-कासाई (टी १६) गाठा. भारतीय आयटीवाल्यांची इथे मोठी वस्ती आहे, किराणा आणि शाकाहारी जेवण मिळतं. याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. जाताना मात्र रॅपिड गाडी टाळा: ती तोयोचोहून सुटली की थेट उरायासुला थांबते आणि निशी-कासाई मागे राहतं.

घरून निघताना: वीज १०० व्होल्टची, प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर अडॅप्टर लावून चालतात, आपली इस्त्री किंवा किटली नीट तापत नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे बॅगेत आणू नका, त्यांवर निर्बंध आहेत. सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर नियम तपासल्याशिवाय बॅगेत टाकू नका. ई-व्हिसा असेल तर विमानतळावर तो इंटरनेटवर उघडूनच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. तेव्हा नेटची सोय आधीच करा.

आणि खिशात एक रिकामी पिशवी ठेवा. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत झालेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर स्टेशनांतले कचऱ्याचे डबे मोठ्या प्रमाणावर काढले गेले. रस्त्यातही ते क्वचित दिसतात. दिवसभराचा कचरा हॉटेलवर परत न्यावा लागतो.