तंबू निवडताना मी काय बघते

दादरहून कसारा लोकल, पुढे जीपने पाचनई, मग हरिश्चंद्रगडाची चढण. एवढं पाठीवर वाहायचं तर तंबू दोन किलोंच्या आतच हवा. पण वजनाआधी मी बघते ते दुहेरी कापड. सह्याद्रीतल्या दमट रात्री एकेरी तंबूत आपल्याच श्वासाचं पाणी पहाटे स्लीपिंग बॅगवर ठिबकतं. आत जाळी, वर वेगळं आवरण असलं की ते बहुतेक बाहेरच राहतं.

ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभारायचे तंबू आणखी हलके, खरंय. पण त्यांचा सगळा भार खुंट्यांच्या ताणावर, आणि आपल्या कातळात खुंटी शिरतच नाही! म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणाराच घ्या.

भिजल्यावर नायलॉन सैल पडतं, पॉलिस्टर फारसं नाही. माझं मत पॉलिस्टरला. घरी आल्यावर मात्र लगेच वाळवा, मुंबईच्या हवेत बुरशी पटकन धरते.