बागेचा नकाशा, नोंद चौथी: नाला सापडला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आमच्या कॉलेजच्या बागेचा उपग्रहातून काढलेला जुना फोटो आजच्या नकाशावर काही केल्या बसत नाही. चूक माझीच होती. मी आवाराच्या भिंतीचा कोपरा खूण म्हणून धरला होता, पण रस्ता रुंद झाला तेव्हा ती भिंतच आत सरकली होती. तो बिंदू काढून जुनी विहीर, दगडी इमारतीचे दोन कोपरे आणि रस्त्यावरची मोरी घेतली. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे करायच्या संगणक-प्रणालीत, फोटो आणि नकाशा यांच्या जागांमधली सरासरी चूक १४ मीटरवरून ४ मीटरवर आली.

फोटो कोरोना मालिकेतला आहे. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी सांगतो: तो कॅमेरा फिरत फिरत लांबट पट्टी टिपायचा, त्यामुळे टोकांकडे चित्र ताणलेलं असतं. सगळं चित्र एकसारखं सरकवणाऱ्या-फिरवणाऱ्या साध्या रूपांतरणाने भागत नाही. थिन प्लेट स्प्लाइन (चित्र जागोजागी वेगवेगळं ताणून बसवणारी पद्धत) वापरा आणि खुणेचे बिंदू चारही अंगांना पसरून घ्या.

आता खरी गोष्ट. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या बागेत मधोमध सात अर्जुन उभे आहेत, वाकड्या ओळीत. भोवती कोरडी काळी जमीन, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. अर्जुन हे नदी-नाल्याच्या काठचं झाड. ते इथे कसं आलं, हे कोडं मला दोन वर्षं सुटत नव्हतं. परवा रात्री फोटो नीट बसला आणि त्या सातही झाडांना लागून एक गडद, वळणदार रेघ गेलेली दिसली. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. माझ्या मते ही झाडं कुणी लावलेलीच नाहीत. ती काठावर आपसूक वाढली आणि बाग नंतर त्यांच्याभोवती आली.

दुसऱ्या दिवशी जुन्या माळीबाबांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि अहिराणीत म्हणाले, “आठे नाला व्हता ना, भाऊ!” (इथे नाला होता ना!) मैदान करताना मुरूम टाकून तो बुजवला, असं त्यांनी सांगितलं. आता नकाशात नाल्याचा वेगळा थर केला आहे, निळ्या तुटक रेषेत.

बाकीचे थर सावकाश चालू आहेत. त्या फोटोत बांधावरची मोजकी झाडं दिसतात. आज बराच भाग सुबाभूळ आणि गुलमोहराने व्यापलाय. या मातीतला अंजन मात्र एका कोपऱ्यात तीनच. त्याचं जोडपान मी वहीत जपून ठेवलंय.

रविवारी अर्जुनांचे घेर मोजायचे आहेत, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर. दाट सावलीत मोबाइलचं जीपीएस भरकटतं, म्हणून झाडांच्या जागा इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने घेणार. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन तिथेच उभा राहणार. पाणी अजून त्याच वाटेने वाहतं का, ते बघायचंय.