जर्मनीतलं घर आणि काचेचे प्रकार: नाशिकहून येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या स्वयंपाकघरात सगळा कारभार स्टीलचा. काच असते ती चहाच्या ग्लासात, लोणच्याच्या बरणीत आणि स्लायडिंगच्या खिडकीत. जर्मनीत भाड्याच्या घरात शिरलं की शेगडी काचेची, ओव्हनचं दार काचेचं, दही काचेच्या बरणीत आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेच्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या टाक्या. दिसायला सगळी काच सारखीच, पण एक जे आरामात सोसते त्यानेच दुसरी तडकते. घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ नयेत असं वाटत असेल, तर हा फरक येणाऱ्यांनी आणि त्यांना भांडी बांधून देणाऱ्या आईवडिलांनीही समजून घ्यावा.

बाटली, बरणी, खिडकी, चहाचा ग्लास ही सगळी साधी काच. वाळू, सोडा आणि चुना यांची. त्यात वाळूचा भाग सत्तर टक्क्यांच्या आसपास. ही काच तापली की बऱ्यापैकी फुगते: एक मीटरची पट्टी १०० अंशांनी तापवली तर सुमारे ०.९ मिलीमीटर. बोरोसिलिकेट काच, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट 'बोरोसिल' म्हणतात ती, तेवढ्याच उष्णतेत सुमारे ०.३३ मिलीमीटरच वाढते. तडकण्याचं कारण या आकड्यांत आहे. काचेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून उकळता चहा ओतला की आतली बाजू फुगायला लागते आणि बाहेरची थंडच राहते. ओढाताण होते आणि जिथे आधीच बारीक ओरखडा असतो तिथून चीर जाते. जाड बुडाचा ग्लास मजबूत म्हणून चहाला घेऊ नका. जाड काचेत आत-बाहेरचा फरक जास्त वेळ टिकतो, म्हणून गरम चहाने तोच आधी जातो. साध्या काचेला एकदम बसणारा ४०-५० अंशांचा फरकही धोक्याचा. डिसेंबरात गार खिडकीशी ठेवलेला ग्लास उचलून त्यात उकळता चहा ओतला, तर फरक त्याच्या दुप्पट होतो. ग्लास आधी कोमट पाण्याने विसळायचा, बस.

बोरोसिलिकेटची जन्मकथाही जर्मनीचीच. येना गावात ओटो शॉटने एर्न्स्ट आबे आणि कार्ल त्साइस यांच्यासोबत १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली, तिथून ही काच आली. पण म्हणून ती काहीही सोसते असं नाही. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ओट्यावर ठेवलं किंवा त्यात गार पाणी टाकलं तर तीही जाते. खाली कोरडं फडकं किंवा लाकडी पाट हवा. फ्रीजमधलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये थेट सरकवू नये, आणि काचेचं भांडं शेगडीवर तर कधीच नाही. ओव्हनची उष्णता चोहोबाजूंनी येते, शेगडीची फक्त खालून; काचेचा घात नेमका तिथे होतो.

मग खुद्द शेगडी काचेची कशी चालते? ती काळी पाटी निव्वळ काच नसते. काच ओतल्यावर ती पुन्हा ठरावीक तापमानाला तापवतात, त्यामुळे तिच्या पोटात अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. तापल्यावर हे स्फटिक आकसतात, भोवतालची काच फुगते आणि बेरीज जवळपास शून्य होते. शॉट कंपनीने १९७१ मध्ये ती 'सेरान' नावाने बाजारात आणली. लाल झालेल्या सेरानवर गार पाणी सांडलं तरी तडा जात नाही. जातो तो आघाताने. पाटी जेमतेम ४ मिलीमीटर जाड असते, आणि जर्मन स्वयंपाकघरात नेमकं शेगडीच्या वर कपाट असतं. गोडा मसाल्याची बरणी त्या कपाटात वरच्या फळीवर ठेवणं म्हणजे संकटाला बोलावणं. जड वस्तू खाली, शेगडीच्या वरच्या कपाटात फक्त चहाची पाकिटं आणि पापड.

त्या काळ्या पाटीखाली दोनपैकी एक यंत्रणा असते. एकात तारेचं वेटोळं लाल होतं, दुसरं इंडक्शन. घर बघायला जाल तेव्हाच विचारून घ्या, कारण नाशिकहून काय आणायचं ते त्यावर ठरतं. भांडी बाजारात कुकर घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं इंडक्शनवर चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. लाल होणाऱ्या पाटीवर तो चालतो, पण बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई दोन्हीकडे निरुपयोगी. बिडाचा तवा दोन्हीकडे उत्तम, फक्त तो पाटीवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. बुडाखाली मिठाचा एक खडा अडकला तरी ओरखडा कायमचा.

या पाटीचा खरा शत्रू गूळ. संक्रांतीला पाक उतू गेला, तेव्हा 'गार झाल्यावर पुसू' असं म्हटलं की संपलं. साखरेचा पाक गार होताना आकसतो आणि पाटीला इतका घट्ट धरून असतो की वरच्या थराचे टवके काढतो. ते खड्डे पुन्हा भरत नाहीत. त्यामुळे आच बंद करायची, भांडं बाजूला घ्यायचं, हातात ओव्हनचा मोजा घालायचा आणि पाटी गरम असतानाच ब्लेडच्या खरवडणीने पाक कडेला ओढायचा. ब्लेड तिरकं, पाटीला जवळजवळ टेकलेलं. ही खरवडणी कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, पहिल्याच आठवड्यात घ्या. फोडणीचे तेलाचे डाग मात्र गार झाल्यावरच काढायचे. त्यांची घाई नसते. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर या दोन्ही गोष्टी पाटीपासून लांब. आणि पाटीला चीर दिसलीच, तर आधी फ्यूजच्या पेटीतून शेगडीची वीज तोडा. चिरेतून पाणी आत गेलं की शॉक बसू शकतो. 'अजून चालतेय की' म्हणून वापरत राहू नका.

डिशवॉशरमध्ये ग्लास पांढुरके होतात, त्याची दोन कारणं. घरगुती व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी पुसल्यावर डाग गेला तर तो पाण्यातला क्षार, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला धरतो तोच. गेला नाही, तर काच झिजली आहे. गरम पाणी आणि साबण हळूहळू काचेच्या पृष्ठभागातले घटक ओढून घेतात, आणि पाणी जितकं मऊ, म्हणजे कमी क्षाराचं, तितकी झीज जास्त. म्हणून यंत्रात पाण्याचा कडकपणा बरोबर लावावा लागतो. इथे तो जर्मन अंशांत मोजतात: ८.४ पर्यंत मऊ, १४ पर्यंत मध्यम, पुढे कडक. आपल्या भागाचा आकडा पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. वाइनचे पातळ, महागडे ग्लास तरीही हातानेच धुवा.

ग्लासवरून आठवलं: इथल्या हॉटेलात ग्लासावर एक बारीक रेघ आणि शेजारी ०.२, ०.३ किंवा ०.५ लिटर असा आकडा असतो. ती नक्षी नाही, माप आहे. पेय रेघेच्या खाली असेल तर भरून मागायचा हक्क आहे. मागताना ओशाळायचं कारण नाही.

आता रिकाम्या बाटल्या. नाशिकला त्या भंगारवाल्याकडे जातात, नाहीतर घंटागाडीत. इथे आधी प्रश्न विचारायचा: या बाटलीवर अनामत आहे का, म्हणजे विकत घेताना जास्तीचे घेतलेले आणि बाटली परत केली की मिळणारे पैसे? पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या साध्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या काचेच्या बाटलीवर आणि दह्याच्या परत घेतल्या जाणाऱ्या बरणीवर १५ सेंट, एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट. वीस बाटल्यांचा क्रेट असेल तर क्रेटचे दीड युरो आणि बाटल्यांचे १ युरो ६०, म्हणजे ३ युरो १० सेंट. वाइनच्या आणि लोणच्याच्या बाटलीवर सहसा काही नाही. दुकानातल्या यंत्रात बाटली बूड पुढे करून घालायची, चिठ्ठी घ्यायची आणि काउंटरवर द्यायची. यंत्राने काचेची बाटली परत ढकलली तर ते बिघडलं असं समजू नका. पुन्हा भरायच्या बाटल्या दुकान स्वतः जो प्रकार विकतं तोच घेतं. एकदाच वापरायच्या बाटलीला हे लागू नाही. २०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला, ते त्याच प्रकारच्या (प्लास्टिक, काच, धातू) बाटल्या-डबे विकत असेल तर, दुसरीकडून आणलेल्याही घ्याव्या लागतात.

अनामत नसलेल्या बाटल्या, बरण्या रस्त्यावरच्या टाकीत. पांढरी (म्हणजे बिनरंगाची), हिरवी, तपकिरी असे तीन कप्पे. निळी, लाल किंवा रंग कळत नाही अशी काच हिरव्यात. पांढऱ्या काचेत एखादी हिरवी बाटली पडली तरी सगळी नवी काच रंगते, हिरव्यात मात्र थोडी भेसळ खपते. 'शेवटी ट्रकमध्ये एकत्रच करतात' हे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ट्रकला आतून वेगळे कप्पे असतात. बरणी धुवायची गरज नाही, रिकामी असली की पुरे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री काच टाकायला मनाई असते. वेळा टाकीवर लिहिलेल्या असतात आणि तुम्ही त्या पाळता का हे शेजारी पाहतातही.

सगळ्यात मोठी चूक होते ती फुटलेल्या ग्लासाची. पिण्याचे ग्लास, बोरोसिलचे वाडगे, खिडकीची काच, कपबशी यांतलं काहीही या टाकीत जात नाही. भट्टीत बाटलीची काच वितळते त्या तापमानाला बोरोसिलिकेट आणि चिनी माती नीट वितळत नाहीत. त्यांचे कण नव्या बाटलीत तसेच राहतात आणि बाटली तिथूनच फुटते. असे तुकडे जाड कागदात गुंडाळून, वेगळा न काढता उरलेल्या कचऱ्याचा जो डबा असतो, त्यात टाकायचे. खिडकीची मोठी काच पालिकेच्या संकलन केंद्रावर.

खिडक्यांचं प्रकरण थंडीत कळतं. निफाडचा पारा उतरला की नाशिककर कौतुकाने सांगतात, पण घरातली काच तिथेही एकेरीच. इथे दोन किंवा तीन काचा, मधे सीलबंद वायू. एकेरी काचेतून जितकी उष्णता बाहेर जाते, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा चांगल्या दुहेरी काचेतून जाते. आपल्या घरात काय आहे ते पेटवलेल्या लायटरने कळतं. रात्री ज्योत काचेसमोर धरा. प्रत्येक काचेची दोन प्रतिबिंबं दिसतात, म्हणजे चार असतील तर दोन काचा, सहा असतील तर तीन. त्यातलं एखादं वेगळ्या रंगाचं दिसलं तर उष्णता अडवणारा लेप आहे.

सकाळी खिडकीच्या आतल्या कडेला पाणी दिसलं तर घरातली हवा दमट आहे: भात, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवून उपयोग नाही. त्याने भोवतालची भिंत गार पडते आणि तिथेच बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, हीटर तेवढा वेळ बंद. काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर आनंद माना, आतली ऊब बाहेर जात नाही असा त्याचा अर्थ. दोन काचांच्या मधे धुकं धरलं तर सील गेलं. ते पुसता येत नाही, घरमालकाला लेखी कळवा. आणि उन्हाळ्यात आतून काळी फिल्म चिकटवू नका. फिल्मखालची काच तापते, चौकटीतली कड गार राहते आणि काच आपोआप तडकते.

तडकलीच तर पैसे कुणाचे? दुसऱ्याच्या नुकसानीसाठी बहुतेक जण इथे दायित्व विमा घेतात, पण भाड्याच्या घरातली काच त्यातून बऱ्याचदा वगळलेली असते. काचेचा विमा वेगळा मिळतो. सही करण्याआधी त्यात खिडक्यांबरोबर सेरानची पाटीही धरली आहे का, हे कागदावर पाहून घ्या. ओरखडे आणि गुळाचे खड्डे सहसा त्यात बसत नाहीत, फुटलेलं बसतं. घराचा ताबा घेताना पाटीचे आणि खिडक्यांच्या कडांचे उजेडात तिरकस फोटो काढा आणि ते हस्तांतराच्या कागदाला जोडा. समोरून काढलेल्या फोटोत ओरखडा दिसत नाही.